मधली खुर्ची

तिघांचा फोटो काढायचा नाही, काढला की मधला माणूस जातो. हे तुम्हीही कधीतरी ऐकलं असेल आणि हसून सोडून दिलं असेल. ग्वाल्हेरच्या खासगी बाजारातल्या जगदाळ्यांच्या घरी मात्र हसण्याची सोय नव्हती, कारण त्या घरात माणसंच तीन. सासू विमल, सून गरिमा आणि गरिमाची मुलगी अवंतिका. आता बोला!

त्यामुळे या घराचा धड असा एक फोटो नाही. दसरा असो की वाढदिवस, चौथं माणूस सापडेपर्यंत फोनला हात लावायचा नाही. अवंतिका दहावी पास झाली तेव्हा चौथा म्हणून गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालाच उभं केलं होतं. बिचारा खांद्यावरचं सिलिंडर खाली ठेवायलाही विसरला. त्या फोटोत सगळ्यात खूश तोच दिसतो.

आणि गॅसवाला नसेल तेव्हा महिपतराव. हे विमलबाईंचे धाकटे दीर, राहायला पलीकडच्याच गल्लीत. माणूस वाईट नाही हो, अडीअडचणीला धावून येतो. पण आला की घर आपलंच समजतो. जिना उभा आणि गुडघे कुरकुरतात, म्हणून आधी समोरच्या बांगड्यांच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून वर बघत हाक मारायची, "वहिनी! ओ वहिनी!" कुणी खिडकीत आलं की मगच चढायचं. वर आले की थेट गरिमाच्या सासऱ्यांच्या लाकडी खुर्चीत बसायचे. फोटो निघायचा तो असा, की महिपतराव खुर्चीत, मिशीवरून हात फिरवलेला, आणि तिघी मागे उभ्या. बघणाऱ्याला वाटावं, काय भाग्यवान माणूस आहे, केवढं कुटुंब सांभाळतोय! अरे, सांभाळतोय कोण? गरिमा सकाळी दाल बाजारात एका ठोक दुकानाच्या बिलिंगला बसते ती दिवेलागणीला उठते, तेव्हा घर चालतं. पण फोटोत खुर्ची काकांची!

गरिमाला याची चीड होती. तरी ती गप्प बसायची, त्याला कारण होतं.

केदार, म्हणजे विमलबाईंचा मुलगा आणि गरिमाचा नवरा, त्याचा शेवटचा फोटो दसऱ्याचा. सासऱ्यांनी हौसेने स्टुडिओवाल्याला घरी बोलावलं होतं. एका बाजूला सासरे, एका बाजूला विमलबाई, मधे फेटा बांधलेला केदार. गरिमा तेवढ्यात तान्ह्या अवंतिकेला निजवायला आत गेली होती. फोटो झकास आला. आणि त्याच थंडीत केदार मोटरसायकलवर दतियाला निघाला, धुक्यात त्याला पुढचा ट्रक दिसला नाही. पुढे सासरेही गेले, पण ते वयाने. केदारला मात्र त्या फोटोने नेलं, असं विमलबाईंच्या मनाने पक्कं धरलं. "मीच म्हटलं होतं, तू मधे उभा राहा," एवढं एकच वाक्य त्या कधीमधी बोलायच्या. तो फोटो रजयांच्या पेटीत तळाला, पालथा. आता अशा बाईला काय सांगणार की हे खुळचट आहे? गरिमाने कधी सांगितलं नाही.

तिने फोटो काढले ते माणसं सोडून बाकी सगळ्याचे.

खरं म्हणजे हे वेड तिला दुकानात लागलं. तुरीच्या डाळीचा ढीग पडलेला, दारातून तिरकं ऊन आलेलं, तिने सहज फोन काढला आणि बघते तर डाळीचा डोंगर! खरोखरीचा, कडे आणि घळी असलेला. त्या दिवसापासून बाई कामातून गेली. घरी ताटात साबुदाणा पसरून खालून टॉर्च लाव, काचेच्या ताटलीत पाणी घालून त्यात तेलाचे थेंब सोड आणि खाली अवंतिकेची बांधणीची ओढणी अंथर. पिठाच्या चाळणीतून ऊन पाड. स्टीलची परात भिंतीला टेकवली की तिच्यावरून उजेड परत येतो आणि समोरच्या वस्तूवरची सावली पुसते, हेही तिने स्वतःच शोधलं. कॅमेरा म्हणाल तर फोन, तोही एका कोपऱ्यात तडकलेला. स्टँड म्हणाल तर तांदळाचा डबा, तांदळात फोन रोवला की हलत नाही. दुकानातल्या बायका म्हणायच्या, "गरिमा दीदी, ढंग का कैमरा ले लो पहले." ती म्हणायची, "कॅमेरा आला की मग मला डाळ कशी दिसेल? कॅमेराच दिसेल." विमलबाई कुरकुरायच्या, परात कुठे, चाळणी कुठे, पोळ्या काय तुझ्या फोनवर लाटू का? पण फोटो दाखवला की चष्मा लावून बराच वेळ बघायच्या. माणूस नसायचं ना त्यात, म्हणून निर्धास्त बघायच्या.

मग तो उलटा बाजार सापडला. मे महिना, ग्वाल्हेरची लू म्हणजे नुसती भट्टी. बाजारावरच्या खिडकीला गरिमाने खोक्यांचे पुठ्ठे ठोकून टाकले. एक खिळा वाकडा गेला, तो उपटला तर पुठ्ठ्याला भोक पडलं. खोलीत मिट्ट काळोख, आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीवर काहीतरी सरकत होतं. अवंतिका किंचाळलीच, "आई, छत पे ऑटो चल रहा है!" बघतात तर अख्खा खासगी बाजार भिंतीवर उतरलेला, खाली डोकं वर पाय. जमीन वर, आभाळ खाली, बांगड्यांचं दुकान उलटं टांगलेलं. भोकातून येणारा उजेड असंच करतो, गरिमाला शाळेतलं पुसटसं आठवलं. विमलबाई म्हणाल्या, "हे चांगलं लक्षण नव्हे." आणि मग तासभर तिथून हलल्या नाहीत. कोण कुणाच्या दुकानात शिरतंय, सगळं कळत होतं की!

इथवर सगळं ठीक होतं. मग कुलवृत्तांत आला.

जगदाळ्यांच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघणार होती. साताऱ्याकडचे, बडोद्याचे, इंदूरचे, इथले, सगळे जगदाळे एका ग्रंथात, आणि या वेळी प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र पान, वर रंगीत फोटो. ग्वाल्हेर शाखेची माहिती गोळा करायचं काम महिपतरावांकडे. ते खुर्चीत बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "तुमचं काही पाठवायला नको वहिनी. माझ्याच पानावर खाली घेतलंय. कैलासवासी केदार, पत्नी, एक कन्या. फोटोत तुम्ही सगळ्या आहातच माझ्याबरोबर."

गरिमा परातीत कणीक मळत होती. तिचे हात थांबले. पत्नी, एक कन्या! नाव नाही, गाव नाही, काही नाही. दुकानात पोत्यावर चिठ्ठी असते त्यावरही मालाचं नाव लिहितात.

"आमचं पान वेगळं पाहिजे, काका," ती म्हणाली.

"अगं सूनबाई, आपण एकाच घरातले. दिक्कत काय आहे?"

"दिक्कत ही आहे की आम्ही तुमच्या घरात राहत नाही."

विमलबाईंनी मान वर करून पाहिलं. महिपतराव हसले, मोठ्या माणसाने लहान मुलाला हसावं तसे. "पान कुटुंबाला मिळतं. कुटुंब म्हटलं की प्रमुख आला, प्रमुख मधे खुर्चीवर बसतो, बाकीचे भोवती. असा फोटो लागतो. तुमच्याकडे आहे? आणा तिघींचा फोटो, आत्ता देतो पान." आणि वहिनींकडे बघून जरा हळू आवाजात म्हणाले, "नाही ना काढणार? मग हट्ट कशाला? रविवारी मी येतो सकाळी जाकीट घालून, चांगला नवीन काढू."

हे मात्र फार झालं. माणसाने दुखऱ्या जागेवर बोट ठेवावं, पण इतकं नेमकं? गरिमाच्या डोक्यात तिडीक गेली. कणकेचे हात तसेच झटकून ती म्हणाली, "रविवारी या. फोटो तयार असेल."

महिपतराव जिना उतरून गेले. मग अवंतिका म्हणाली, "मी बसते मधे. मैं नहीं मानती ये सब."

"खबरदार!" विमलबाई एवढ्या मोठ्याने ओरडल्या की खालच्या दुकानातल्याने वर पाहिलं असेल.

"मग मी बसते," गरिमा म्हणाली.

"तू बसलीस आणि काही झालं तर या पोरीचं काय? नको गरिमा. पान गेलं चुलीत. मला नाही पाहिजे पुस्तकात नाव." विमलबाई म्हणाल्या. गरिमाला त्यांचा रागही आला आणि कीवही. एवढी खमकी बाई, भाजीवाल्याला घाम फोडणारी, एका फोटोपुढे कशी लहान होऊन जाते! केदार गेला, सासरे गेले, पण ही भीती काही घरातून जाईना.

त्या आठवड्यात गरिमाने डोकं लावलं. आणि लावलं ते असं की वाहवा! शनिवारी तिने गच्चीवर परातीत पाणी भरलं, तळाला अवंतिकेचा काळा दुपट्टा घातला आणि पाण्याचा आरसा झाला. तिघींनी परातीभोवती वाकायचं आणि पाण्यातल्या चेहऱ्यांचा वरून फोटो घ्यायचा. गोल बसलं की मधे कोणीच नाही. मधे फक्त आभाळ! विमलबाई आढेवेढे घेत वाकल्या. फोटो निघाला. तीन चेहरे, मागे निळंशार आभाळ, एका कडेला उडालेलं कबूतर. इतका सुंदर फोटो त्या फोनमधून कधी आला नव्हता.

"बघा आई, मधे कुणीच नाही," गरिमा म्हणाली. "पाठवू या हाच."

विमलबाईंनी चष्मा लावला आणि पाहिलं. फार वेळ पाहिलं. मग फोन तिच्या हातात परत दिला.

"हा नको पाठवू."

"का? वाईट आलाय?"

"चांगला आलाय. घरात लाव. पण पाठवू नको." त्या गच्चीच्या कठड्याशी खाली बसल्या. "यात मी लपलेय गरिमा. सगळ्या जगदाळ्यांनी बघावं आणि म्हणावं, विमल घाबरली म्हणून पोरींना परातीत घालून दाखवतेय! तो महिपत तर म्हणेलच." मग म्हणाल्या, "केदारला मी मधे उभं केलं. नंतर म्हटलं, मी का नाही उभी राहिले? रोज म्हणते. रोज. आणि आता मधे बसायची वेळ आली तर मी काय करतेय, परात शोधतेय?"

"आई, तसं काही नसतं हो. धुकं होतं. ट्रकला मागे दिवा नव्हता."

"नसेल. तू म्हणतेस तर नसेल. पण असलं तर मधे मी बसणार. आणि नसलं तरी मीच बसणार, कारण वयाने मी मोठी आहे, घर माझं आहे, खुर्ची माझ्या नवऱ्याची आहे. उद्या सकाळी काढ. आणि साधा नको, तो उलटा बाजार पडतो ना भिंतीवर, त्याच्यापुढे काढ. कळू दे कुठे राहतो ते."

गरिमाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलं नाही, वाहू दिलं. अवंतिका तेवढं म्हणाली, "आजी, आप तो बॉस हो!"

रविवारी सकाळी समोरच्या दुकानांवर चांगलं ऊन आलं. गरिमाने पुठ्ठे पुन्हा ठोकले, फटींना काळा कागद लावला, मधे हरभऱ्याएवढं भोक ठेवलं. भिंतीवर बाजार उतरला. भिंतीपुढे लाकडी खुर्ची. विमलबाई नऊवारी नेसल्या होत्या, ठेवणीतली, जांभळी. खुर्चीत बसताना क्षणभर त्यांनी हात धरला सुनेचा, घट्ट. मग सोडला आणि पाठ ताठ केली. डावीकडे अवंतिका. आतल्या दाराची फट थोडी उघडून तिथे परात टेकवली होती, तिच्यावरून जरासा उजेड तिघींच्या तोंडावर यायचा. फोन तांदळाच्या डब्यात. गरिमाने त्याला समजावलं, म्हणजे सेटिंग केलं, की बाबा रे, अर्धा मिनिट डोळा उघडा ठेव, काळोखात तुला तेवढं लागेलच. आणि धावत येऊन उजवीकडे उभी राहिली.

"आता हलायचं नाही कुणी. बोलायचं नाही. काही झालं तरी."

आणि नेमकं तेव्हाच खालून आवाज आला, "वहिनी! ओ वहिनी!"

कोणी हललं नाही.

"अहो वहिनी! पुठ्ठे कशाला ठोकलेत? मी आलोय! जाकीट घालून आलोय!"

अवंतिकेच्या पोटात हसू उसळत होतं, ते गरिमाला बाजूने जाणवत होतं. विमलबाई समोर बघत होत्या. पापणी लवली असेल तेवढीच. महिपतरावांनी आणखी एक हाक मारली आणि उत्तराची वाट बघत तिथेच उभे राहिले, पायरीवर, कपाळावर आडवा हात धरून. फोनने टक् केलं.

मग दोघी अशा हसत सुटल्या की काय सांगू. विमलबाई नाही हसल्या. त्या खुर्चीतून उठल्या, एक पुठ्ठा उचकटून बाजूला सारला आणि खिडकीतून म्हणाल्या, "या भाऊजी, या वर. चहा टाकलाय."

महिपतराव धापा टाकत वर आले. जाकीट खरंच घातलं होतं, खिशाला रुमालही. सवयीने खुर्चीकडे वळले, तर तिच्यात वहिनी बसलेल्या, जांभळ्या नऊवारीत. ते घुटमळले आणि मग पलंगाच्या काठावर टेकले. गरिमाने फोन त्यांच्या हातात दिला.

फोटोत तिघी सरळ. आणि त्यांच्या अंगाखांद्यावर, मागे भिंतभर, सगळा खासगी बाजार उलटा, धूसर रंगांत. चालती माणसं, ऑटो, सगळी वाहून गेलेली, त्यांचा पत्ता नाही. उरली होती ती फक्त जी स्थिर होती. महिपतरावांनी फोटो पाहिला, आणि त्यांचा चेहरा उतरला. मिशी, जाकीट सगळं विसरून ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही मधे बसलात?"

"बसले."

"अहो, पण केदारच्या वेळी..."

"माहीत आहे मला. तो माझा मुलगा होता." विमलबाईंचा आवाज चढला नाही. "मधल्याने जायचंच असेल तर जाईन. वय झालंय, लाज नाही त्यात. पण जाईपर्यंत मी मधेच बसणार, भाऊजी. कडेला बसून बसून कंटाळा आला. हा फोटो घ्या, नाहीतर आमची नावंच काढून टाका त्या ग्रंथातून. तुमच्या पानावर खाली नको आम्हाला."

महिपतरावांनाही केदार आठवत असणार, त्यांनीच त्याला खांदा दिला होता. त्यांनी फोटो जवळ धरला, लांब धरला.

"हे वर काय आहे? वहिनींच्या डोक्यावर? पांढरा डाग पडलाय."

अवंतिका वाटच बघत होती. "वो आप हो, काकाआजोबा."

त्यांनी फोन उलटा धरला. खरंच की! बांगड्यांच्या दुकानाची पायरी, पांढरा कुर्ता, वरती जाकीट, कपाळावर आडवा हात. अर्धा मिनिट न हलता उभा राहिलेला बाजारातला एकमेव माणूस. फोन पुन्हा सरळ केला, तर हे छताला लटकलेले, डोकं खाली.

"पुसता येतं, काका," गरिमा म्हणाली. "बोट फिरवलं की जाईल. पुसू?"

तिने विचारलं खरं, पण तिरकं नाही विचारलं. पुसा म्हणाले असते तर पुसलं असतं. महिपतराव त्या एवढ्याशा लटकत्या महिपतरावाकडे बघत राहिले. त्यांना हसू आलं की वाईट वाटलं, ते त्यांचं त्यांना ठाऊक. समोर ठेवलेला चहाचा कप तसाच होता.

"असू दे," ते शेवटी म्हणाले. "चौथा आहे म्हणायला."

"चौथा नाही," विमलबाई म्हणाल्या. "आम्ही तिघीच आहोत. तुम्ही बाजारात आहात."

महिपतरावांनी मान हलवली. मग खिशातून पेन काढलं, चष्मा चढवला, आणि जुन्या सवयीने, अगदी कामाच्या आवाजात विचारलं, "बरं. पान वेगळं. नावं पूर्ण सांगा तिघींची. आणि कुटुंबप्रमुख म्हणून कुणाचं घालू?"

विमलबाईंनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली.

"फोटो आहे ना हातात? मधे कोण बसलंय बघा, आणि लिहा."